ट्रेखालचा शिक्का

आमच्या घरात कुणाला राग आला की आधी कागद निघतो. शेजारी दारं आपटतात, आमच्याकडे प्रिंटर सुरू होतो. आम्ही इंग्लंडला, कॉव्हेंट्रीत आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. पप्पा विहारासाठी पत्रकं काढायचे आणि त्यांच्या घड्या घालता घालता मी मराठी वाचायला शिकले. वर काय घडलं ते, मध्ये ते कुणी केलं, खाली मागण्या. शाळेत ‘माझी सुट्टी’ असा निबंध दिला तरी मी शेवटी तीन मागण्या लिहायचे.

पप्पांचा एक नियम होता. पत्रक ज्याच्याबद्दल असेल, त्याला ते छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचं. रविवारी वंदना झाली की विहाराच्या मागच्या खोलीत ही वाचनं व्हायची. मी दहा वर्षांची असताना एका काकांना वेअरहाऊसमधून काढून टाकलं होतं. पप्पांनी मसुदा वाचला. काका म्हणाले, “ते मी बायकोसमोर रडलो, तेवढं काढा.” पत्रकातलं सगळ्यात जोरदार वाक्य होतं ते. पप्पांनी तिथल्या तिथे खोडलं. मला पप्पांचा राग आला होता. इतकं चांगलं वाक्य कुणी फुकट घालवतं का, असं मला वाटलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात कंपनी जितकी दोषी आहे तितकीच मी आहे, आणि कंपनीला मी इथे सोडणार नाही.

आईला आतड्यांचा आजार आहे. शाळेच्या किचनमधली नोकरी तिने त्यापायी सोडली. शहराचा तिचा नकाशा वेगळाच आहे: लायब्ररीचा संडास तळमजल्यावर, मार्केटचा साडेपाचला बंद, बस स्टेशनवरचा बेभरवशाचा. पाच वर्षं ती या नकाशाबाहेर गेली नव्हती. रीडिंग गावी मावशीच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हाही नाही. सगळ्यांना सांगितलं, गुडघे दुखतात. विहारातल्या बायका तिच्यासाठी मलम आणायच्या आणि ती मुकाट्याने घ्यायची. कपाटाचा एक कप्पा त्या मलमांनी भरला होता.

तिला समुद्र बघायचा होता. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी गाडी थेट वाळूच्या काठाशी उभी करता येते, हे तिने टीव्हीवर पाहिलं होतं. पप्पा निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशातून त्यांनी मोटरहोम, म्हणजे आत पलंग, ओटा आणि संडास असलेली गाडी, घ्यायचं ठरवलं. त्यांना ना कॅम्पिंगची हौस ना गाड्यांची. बायको जाईल तिथे तिचा संडास बरोबर जावा, एवढाच विचार.

दोन वर्षं वापरलेली गाडी आम्ही शहराबाहेरच्या एका डीलरकडून घेतली. कंपन्यांची नावं मी देणार नाही, घरात आम्ही त्यांना चित्रांवरून ओळखायचो. आमच्या गाडीच्या कपाळावर ओकचं हिरवं पान होतं. तिथून अर्ध्या तासावर दुसरा डीलर होता, त्याच्या गाड्यांवर निळी लाट. पप्पा दोन्हीकडे जाऊन आले होते. पानवाली काही हजारांनी महाग. पप्पा म्हणाले, “पान जुनी, घराण्याची कंपनी आहे. लाट जरा पोरकट वाटते.” घराण्याची! आयुष्यभर घराण्यांविरुद्ध लिहिणारा माणूस. मी तेव्हा हसले, पुढे तो शब्द मला फार छळणार होता.

पहिल्या आठवड्यात आई ड्राइव्हवेवर उभ्या गाडीत जाऊन बसायची. चहा तिथे, भाजी निवडणं तिथे. घरातला संडास वीस पावलांवर असताना ती गाडीतला वापरून आली आणि म्हणाली, “चालतंय.” समुद्रकाठची जून महिन्यातली जागा बुक झाली. तिने एक बॅग भरून दाराशी ठेवली.

एप्रिलमध्ये गाडीच्या बाथरूमचा तळ तडकला. मोटरहोममध्ये शॉवर आणि संडास मिळून एकच छोटी खोली असते आणि तिच्या तळाला प्लास्टिकचा एकसंध ट्रे. तो तडकला की पाणी खालच्या लाकडात मुरतं आणि जमीन कुजते, म्हणजे खोलीच बंद. डीलरने फोनवर सांगितलं की वॉरंटी आहे, काळजी नको, ट्रे कारखान्यातून मागवू, चार-पाच महिने लागतील.

“जूनमध्ये जायचंय आम्हाला,” पप्पा म्हणाले.

“पुढच्या वर्षीचा जूनही छान असतो,” तो म्हणाला. हे त्याने विनोद म्हणून म्हटलं होतं.

आम्ही घरी येऊन दुरुस्ती करणारा एक म्हातारा मेकॅनिक बोलावला. त्याने ट्रे उचकटून काढला, पालथा केला आणि माझ्या हातात दिला. खाली, जिथे कुणी बघत नाही तिथे, प्लास्टिकमध्येच उठवलेला शिक्का होता: कारखान्याचं नाव आणि साच्याचा नंबर. ना पान ना लाट. तिसरंच नाव.

“हाच ट्रे लाटवाल्यांच्या गाडीत असतो,” तो म्हणाला. “दोन्ही गाड्या एकाच शेडमधून निघतात. शेवटच्या दारापाशी एकीला हिरवे पडदे लागतात, दुसरीला निळे.”

“मग तुम्हीच आणा ना लाटवाल्यांकडून.”

“मला कोण देतंय? ते फक्त त्यांच्याच गाडीवाल्याला देतात. तू आणलास तर मी बसवतो.” आणि त्याने एका चिठ्ठीवर लाटवाल्यांचा पार्ट नंबर लिहून दिला. पानवाल्यांचा नंबर वेगळा होता. एकच वस्तू, दोन नंबर.

मी लाटवाल्यांकडे गेले. काउंटरमागच्या रॅकवर मला ट्रे दिसला. हातात घेऊन बघू का म्हटलं, त्याने दिला. मी उलटा केला: तोच शिक्का, तोच साच्याचा नंबर. मी फोटो काढला आणि अभिमानाने खरं सांगितलं: आमची गाडी पानवाली आहे, पण वस्तू एकच आहे, हा बघा आमच्या ट्रेचा फोटो.

त्याने ट्रे माझ्या हातातून परत घेतला. उद्धटपणे नाही, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा. “मग तुम्हाला तुमच्या डीलरकडे जावं लागेल.”

“त्यांच्याकडे नाहीये. तुमच्याकडे आहे.”

“हा लाटेचा ट्रे आहे.”

“कुठे लिहिलंय लाट? दाखवा.”

त्याने खोक्यावरचा स्टिकर दाखवला.

त्या आठवड्यात बर्मिंगहॅमच्या मोठ्या प्रदर्शन-हॉलमध्ये मोटरहोमची जत्रा होती. मी तिकीट काढून गेले. पानवाल्यांचा हिरवा गालिचा जिथे संपत होता तिथेच लाटवाल्यांचा निळा सुरू होत होता. दोघांच्या मध्ये एक कुंडी. मी हिरव्यावरच्या गाडीत शिरले, ओट्यापासून पलंगापर्यंत पावलं मोजली. मग निळ्यावर जाऊन मोजली. तेवढीच. कपाटाची दारं तीच, मुठी वेगळ्या. हिरव्या बाजूचा विक्रेता ‘परंपरा’ म्हणत होता, निळ्या बाजूचा ‘साहस’. दोघांच्या कोटाखाली बिल्ल्याची एकाच रंगाची दोरी होती.

दोरीवर तेच तिसरं नाव असलेला एक वरिष्ठ माणूस कुंडीपाशी कॉफी पीत उभा होता. मी त्याला सरळ विचारलं, हे का करता? त्याने लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने छान समजावून सांगितलं. एका भागात दोन डीलर आहेत आणि दोघांनाही ही गाडी विकायची आहे. दोघांकडे एकच नाव ठेवलं तर गिऱ्हाईक एकाचा भाव घेऊन दुसऱ्याकडे जातं आणि दोघंही मरतात. नावं दोन केली की भाव विचारायला जागाच उरत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टींचा भाव कोण ताडून बघतो? शिवाय पान ही खरंच कधीकाळी वेगळी कंपनी होती. यांनी ती विकत घेतली, कारखाना बंद केला, नाव ठेवलं. त्या नावावर जीव टाकणारी माणसं अजून आहेत, ती काय म्हणून सोडायची? आणि जत्रेत दोन नावांना दोन गालिचे मिळतात. बघणाऱ्याला वाटतं, केवढा पर्याय आहे.

“आणि लोकांना फरक जाणवतो बरं का,” तो म्हणाला. “पानवाले लाटवाल्यांच्या शेजारी गाडी लावायला नाखूश असतात. हे आम्ही शिकवलेलं नाही.”

मी घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये माझं पत्रक मनात लिहून झालं होतं. तुम्ही वस्तू एका साच्यात ओतता, वर नावं चिकटवता, एकाला वरचं आणि एकाला खालचं ठरवता, आणि मग म्हणता की उतरंड माणसांनीच केली, आम्ही फक्त स्टिकर पुरवले. हे आम्हाला सांगता? आम्हाला? ज्यांना मंडळाच्या गणपतीत पहिला प्रश्न ‘पूर्ण नाव काय तुमचं?’ असा येतो, आणि उत्तरानंतर हातातली प्लेट तीच राहते पण समोरचं हसू बदलतं?

पण पत्रक इंग्रजांच्या हातात द्यायचं होतं, त्यांना आडनावाचं काय कळणार. त्यांना कळेल असं काहीतरी वर हवं होतं. म्हणून मी सगळ्यात वर लिहिलं: ‘माझ्या आईला आतड्यांचा आजार आहे. पाच वर्षं ती संडासापासून दूर जाऊ शकलेली नाही. या कंपनीने एका स्टिकरसाठी तिचा संडास अडवून ठेवला आहे.’ खाली दोन ट्रेंचे फोटो, शेजारी शेजारी. त्याखाली दोन्ही पार्ट नंबर. शेवटी मागण्या: एक वस्तू, एक नंबर, कुठल्याही काउंटरवर. सगळ्यात खाली आमचं आडनाव.

पप्पांनी वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. “धार आहे,” म्हणाले. त्यांनी एक स्वल्पविराम बदलला. आई त्या वेळी शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. मध्ये एक दार होतं आणि ते उघडं होतं.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी मी दोन्ही गालिच्यांवर पत्रकं वाटली. काहींनी वाचून मान हलवली. पानवाल्या एका म्हातारीने ते परत माझ्या हातात कोंबलं: “आमच्या गाडीची त्यांच्याशी बरोबरी करू नकोस.” मग सिक्युरिटीचे दोघे आले. मला दाराबाहेर सोडताना एक म्हणाला, “माझ्या भावाची लाट आहे. खरंच सेम?” मी त्याला दोन प्रती दिल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या डीलरची ईमेल आली. परस्पर विश्वास उरलेला नसल्याने ते यापुढे आमच्या गाडीचं काम करू इच्छित नाहीत. वॉरंटीचे उरलेले पैसे परत पाठवत आहेत. ट्रेची ऑर्डर रद्द.

त्याच संध्याकाळी विहारातल्या एका काकूंचा आईला फोन आला. पप्पांनी कौतुकाने पत्रकाचा फोटो विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. फोन स्पीकरवर होता, आईचे हात पिठात होते.

“अगं, एवढं सगळं आणि तू बोलली नाहीस कधी? आम्ही आपलं गुडघ्याचं मलम आणत बसलो! आणि जयंतीच्या जेवणाला तू दाराजवळच्या खुर्चीवर बसायचीस ते... अगोबाई, आत्ता कळलं.”

“हो,” आई म्हणाली. “आता सगळ्यांना कळलं.”

तिने हात धुतले, दाराजवळची बॅग उचलली आणि वर जाऊन कपडे परत कपाटात लावले. मी मागे गेले. तिने कपाटाकडे बघतच विचारलं, “त्या वेअरहाऊसवाल्या भाऊजींना वाचून दाखवलं होतं ना तुझ्या पप्पांनी?”

“हो.”

“मी शेजारच्या खोलीत होते. इस्त्री करत होते.”

मी म्हणाले, आई, पण ते खरं होतं. ती म्हणाली, “खरं माझं होतं.” आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पप्पांशीही नाही. पप्पांनी ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, पण लोकांनी तो तोवर रीडिंग आणि लंडनच्या ईलिंगपर्यंत पाठवला होता. ‘लढाऊ कुटुंब’ असं लिहून.

पाचव्या दिवशी सकाळी मी जिना उतरत होते तर आईचा आवाज आला. ती फोनवर इंग्रजीत बोलत होती. शाळेच्या किचनमधलं इंग्रजी, सावकाश, प्रत्येक वाक्याला इथल्या बायकांसारखं ‘लव’ लावून. तिच्या समोर माझं पत्रक होतं आणि ती त्यातला नंबर वाचून दाखवत होती. लाटेचा.

“हो, लाटच. दोन वर्षांची आहे... नाही, गाडीचे कागद मिस्टरांच्या खिशात, ते बाहेर गेलेत. पार्ट नंबर आहे ना माझ्याकडे... एकच शिल्लक आहे? मग बाजूला ठेवा, लव. शनिवारी येतो. नाव?”

आणि तिने एक आडनाव सांगितलं. आमचं नव्हतं, ते तर पत्रकाखाली छापलेलं होतं. पुण्यातलं, सदाशिव पेठेत दारोदार पाट्यांवर दिसणारं. तिने ते स्पेलिंगसकट सांगितलं, जराही न अडखळता.

पप्पा कुठेही बाहेर गेले नव्हते. ते टेबलाशी बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात निघून गेले.

“आई, हे काय होतं?”

“ट्रे मिळाला.”

“खोटं बोललीस. आणि ते आडनाव? ते आडनाव घेतेस तू? आपल्या घरात?”

“आपल्या घरात,” ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. “लग्नानंतर पुण्यात खोली मिळत नव्हती. अकरा ठिकाणी गेलो. तुझे पप्पा दारातच आडनाव सांगायचे, छाती काढून. की मालकीण म्हणायची, खोली कालच गेली. माझ्या पोटात तू होतीस. सातवा महिना. बाराव्या दारात मी बोलले. हेच आडनाव सांगितलं. मालकिणीने चहा केला. दोन वर्षं राहिलो आम्ही तिथे. तू त्या खोलीतली आहेस.”

“आणि पप्पा?”

“गप्प उभे होते. सामान आत आणलं त्यांनी. त्या वर्षी पत्रकं लिहायला लागले.”

मला खूप काही बोलायचं होतं. की अशाने पाटी तशीच राहते. की तू त्या मालकिणीला जिंकू दिलंस आणि आता काउंटरवाल्याला. माझ्याकडे यावर अख्खं पत्रक तयार होतं, मागण्यांसकट. ती वाट बघत होती, मी ते काढते का म्हणून.

“मला पाटी बदलायला वेळ नव्हता,” ती म्हणाली. “मला आत जायचं होतं. आत्ताही.”

शनिवारी ती स्वतः गेली. पप्पांनी आमच्या लहान कारने तिला नेलं, कारमध्येच बसून राहिले. ती खोकं घेऊन बाहेर आली. त्यावर लाटेचा स्टिकर होता आणि खाली पेनाने ते आडनाव. घरी आल्यावर पप्पांनी नखाने ते खरवडायला घेतलं. आई म्हणाली, “अहो, राहू द्या. खोकं फेकायचंच आहे.” त्यांनी ऐकलं नाही. सगळं निघेपर्यंत खरवडत राहिले.

म्हाताऱ्या मेकॅनिकने तासाभरात ट्रे बसवला. अचूक बसला, अर्थातच.

जूनमध्ये ते दोघं गेले. मला यायचं होतं. आई म्हणाली, “या वेळी नको.” रागाने म्हणाली नाही, नुसतंच म्हणाली, आणि त्यामुळे वाद घालता आला नाही.

मी घरी बसून नवं पत्रक लिहिलं. कारण कंपनीचं काही संपलेलं नाही. त्या शेडच्या शेवटच्या दारापाशी आजही कुणीतरी हिरवे आणि निळे पडदे लावत असेल, आणि कुठल्यातरी काउंटरवर कुणाच्या तरी हातातून ट्रे परत घेतला जात असेल. प्रत्येक आईकडे दुसऱ्यांचं आडनाव तयार नसतं, आणि असावं लागू नये.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता. शेजारी एक लाटवालं जोडपं उतरलं होतं. त्यातल्या माणसाने पप्पांना सांगितलं होतं की पानवाल्यांना उगाच माज असतो. पप्पा त्याला गाडीच्या बाथरूममध्ये घेऊन गेले होते आणि अर्धा तास बाहेर आले नव्हते.

“शिक्का दाखवतायत वाटतं,” ती म्हणाली. “पण तो खाली आहे. दिसणार कसा?”

“आई, मी नवं लिहिलंय. वाचून दाखवू?”

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग, “वाच.”

मी वाचलं. पहिल्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, ‘एका आजारी बाईला’. तिथे ती म्हणाली, “ते काढ.”

“नाव नाहीये तुझं. कुणालाही कळणार नाही.”

“काढ.”

मी खोडलं. पुढे वाचलं. शेवटच्या मागणीपर्यंत तिने ऐकलं आणि म्हणाली, “बाकी ठीक आहे. दुसरी मागणी वर घे.” मग समुद्राकडे जायचं होतं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या ओळीशिवाय पत्रक दुबळं आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचून बघितलंय. सुरुवातीला ओढून घेणारं काही राहिलेलं नाही, फक्त दोन ट्रे, एक शिक्का आणि तीन मागण्या. तसंच छापलं.